बाबांचा पेजमेकर

डेडलाइनच्या दिवशी येणारा फोन घरचाच असतो, हा माझा ठाम सिद्धांत आहे. त्या दिवशीही तेच झालं. चार वाजता लेख द्यायचा होता, साडेतीन वाजले होते आणि मी दुसऱ्याच परिच्छेदात अडकले होते. फोनवर बाबा.

'अगं, मशीन चालू होत नाहीये.'

आमच्या घरात मशीन म्हणजे वॉशिंग मशीन नाही की शिलाई मशीन नाही. मशीन म्हणजे नारायण पेठेतल्या बाबांच्या दहा बाय बाराच्या डीटीपीच्या खोलीतला कॉम्प्युटर. एके काळी पांढरा, आता चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा. त्यावर विंडोज एक्सपी, एक्सपीवर पेजमेकर ७ आणि मागच्या बाजूला प्रिंटरच्या पोर्टमध्ये खोचलेलं काडेपेटीएवढं लॉक. हे लॉक मराठी फॉन्टच्या पॅकेजबरोबर आलेलं. ते काढलं की स्क्रीनवरची मराठी बंद! आमच्याकडे पाहुण्यांच्या लहान मुलांना पहिली सूचना असते ती 'मागे हात घालू नकोस' हीच.

'बाबा, कितीदा सांगितलं तुम्हाला? ते म्युझियममध्ये द्या आता. इनडिझाइन शिका.' मी जाम वैतागले होते.

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग हळूच, 'हो गं. पण सरांचं पुस्तक आहे आत.'

सर म्हणजे साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक, वय वर्षं ८६. त्यांनी आपल्या गावाचा इतिहास लिहिलाय. गावातल्या विहिरी कुणी खणल्या, शाळा कुणाच्या ओसरीवर भरायची, कुठल्या वर्षी कुठलं घर मुंबईला गेलं, असा सगळा. २००३ साली बाबांनीच तो कंपोज केला होता. २०८ पानं, म्हणजे बरोबर तेरा फॉर्म. आता गावच्या यात्रेला दुसरी आवृत्ती काढायची होती. सरांनी जुन्या प्रतीत पेन्सिलीने एक्केचाळीस दुरुस्त्या करून पाठवल्या होत्या. यात्रेला दोन महिने होते. आणि पुस्तक मशीनच्या पोटात.

लेख साडेपाचला गेला. (संपादकांना घरचा सिद्धांत मान्य नाही.) शनिवारी सकाळी मी पुण्यात.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पेजमेकर हे नाव आईबाबांच्या तोंडून ऐकल्यासारखं वाटेल. एके काळी 'डीटीपी शिकवून मिळेल' असा बोर्ड गल्लोगल्ली असायचा, त्या क्लासमध्ये शिकवायचे ते हेच. लग्नपत्रिका, सोसायटीचा अहवाल, कवितासंग्रह, दिवाळी अंक, प्रचाराची पत्रकं... मराठीत छापलेल्या कागदाचा मोठा ढीग या एका सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलाय.

त्याचा जन्म अमेरिकेतल्या सिएटलचा. पॉल ब्रेनर्ड नावाच्या माणसाने १९८४ मध्ये आल्डस नावाची कंपनी काढली आणि १९८५ मध्ये मॅकिंतॉशसाठी पेजमेकर आणला. किंमत ४९५ डॉलर. त्याच वर्षी अ‍ॅपलचा लेझर प्रिंटर आला, त्यात अ‍ॅडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा होती. तीन गोष्टी एका टेबलावर आल्या आणि जे काम करायला आख्खा छापखाना लागायचा, ते एका खोलीत व्हायला लागलं. 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्दही ब्रेनर्डचाच. कंपनीचं नाव त्याने घेतलं व्हेनिसच्या आल्डस मानुशियसवरून. हा पाचशे वर्षांपूर्वीचा मुद्रक. हातात मावतील अशी छोटी पुस्तकं छापण्यासाठी तो प्रसिद्ध. आपण आज जो तिरका इटॅलिक टाइप वापरतो, तो पहिल्यांदा त्याच्याच छापखान्यात वापरला गेला.

पुढे १९९४ मध्ये आल्डस अ‍ॅडोबीत विलीन झाली. १९९९ मध्ये अ‍ॅडोबीने इनडिझाइन आणलं. २००१ मध्ये पेजमेकरची ७ नंबरची आवृत्ती आली आणि २००४ च्या जानेवारीत कंपनीने सांगून टाकलं, यापुढे पेजमेकरवर नवं काम होणार नाही. जुन्या ग्राहकांसाठी इनडिझाइनची खास 'पेजमेकर एडिशन' काढली. या, इकडे या, तिकडे आता काही नाही!

म्हणजे सरांचं पुस्तक छापून झालं आणि जेमतेम वर्षभरात ते ज्याच्यात केलं होतं त्याचा खेळ संपला. पण नारायण पेठेत ही बातमी कुणी मनावर घेतली नाही. मशीन चालू होतं, कामं येत होती. मोटारीचं मॉडेल बंद झालं म्हणून कुणी आपली गाडी रस्त्यात सोडून देतं का?

शनिवारी हार्डवेअरवाला मुलगा आला. माझ्याहून लहान. मशीनचं झाकण उघडून त्याने आतली धूळ बघितली आणि 'बाप रे' म्हणाला. पॉवर सप्लाय गेला होता. 'असा आता तपकीर गल्लीत कुणाकडे पडला असेल तर बघतो,' म्हणाला. तोवर त्याने हार्ड डिस्क काढून एका वायरने माझ्या लॅपटॉपला जोडून दिली. फायली शाबूत होत्या. मी म्हटलं, झालं की काम!

लिब्रेऑफिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर पेजमेकरच्या फायली उघडतं, हे मी आदल्या रात्रीच शोधून ठेवलं होतं. उघडली. पानाचा सांगाडा बऱ्यापैकी दिसला. मजकुराच्या जागी मात्र डॉलरच्या खुणा, कंस, उद्गारचिन्हं, मधूनच इंग्रजी अक्षरं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एका गावाचा इतिहास जणू कुणीतरी कीबोर्डवर बसून लिहिला होता.

'फॉन्ट नाही ना तुझ्याकडे,' बाबा शांतपणे म्हणाले.

इथे मला पहिल्यांदा खरी गोष्ट कळली. आज आपण मोबाइलवर मराठी टाइप करतो ती युनिकोडमध्ये. त्यात क चा नंबर जगभर एकच, कुठल्याही फोनवर क हा क च. नव्वदच्या दशकात डीटीपीमध्ये ही सोय नव्हती. तेव्हा श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम अशी पॅकेजेस आली आणि त्यांनी एक जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. डोळ्यांना मराठी दिसायची, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते डॉलर आणि कंसच असायचे. आणि कुठल्या चिन्हावर कुठलं अक्षर, हे प्रत्येक पॅकेजचं वेगळं. एकाचं दुसऱ्याला वाचता येत नाही.

ही त्या लोकांची चूक होती असं मला वाटत नाही. त्यांनी थांबायचं ठरवलं असतं तर वीस वर्षं मराठी पुस्तकं झाली नसती. आणि पेजमेकरला तर शेवटपर्यंत युनिकोड कळलंच नाही. इकडे विंडोजमध्ये मंगल फॉन्ट आला. तो ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी आपल्या मुंबईचे, सुलेखनकार आणि कवीसुद्धा. म्हणजे रस्ता तयार होत होता, पण इनडिझाइनमध्येच युनिकोड मराठी टाकली की वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटायची. तिथे भारतीय लिप्यांची नीट सोय झाली २०१२ मध्ये, सीएस ६ पासून. पेजमेकर बंद झाल्याची घोषणा २००४ ची! मधली आठ वर्षं 'इकडे या' म्हणणाऱ्या दारातून मराठीला नीट आत जाताच येत नव्हतं. आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्या फक्त भाड्याने द्यायला सुरुवात केली. महिन्याच्या महिन्याला पैसे भरा. लग्नसराई सोडली तर ज्याला महिन्याचा अंदाज नाही, अशा माणसाने काय करावं?

मी दोन वर्षांपूर्वी बाबांना इनडिझाइनचा ऑनलाइन कोर्स घेऊन दिला होता, वाढदिवसाचं गिफ्ट म्हणून. त्यांनी चार धडे बघितले आणि बंद केलं. मी मैत्रिणींमध्ये जोकही मारला होता, 'आमचे बाबा म्हणजे शेवटचे मोहिकन.' नव्याची भीती, जुन्याचं प्रेम, पुण्याचं पाणी... असा माझा एकूण फंडा.

शनिवारी दुपारी पॉवर सप्लायची वाट बघत आम्ही दोघं त्या खोलीत बसलो होतो. मी पुन्हा तोच विषय काढला. 'नवं शिकायला इतकं काय अवघड आहे बाबा?'

'मी एकदा बदललोय,' बाबा म्हणाले.

मला कळलंच नाही.

'१९८२ ला मी छापखान्यात लागलो तो खिळे जुळवायला. कंपोझिटर. उलटी अक्षरं सुलट वाचल्यासारखी वाचायचो. जोडाक्षरांचे खण डोळे मिटून सापडायचे. ९३ ला मालकांनी सांगितलं, हे बंद. मी तीस वर्षांचा होतो, तुझ्याएवढाच. कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. रात्रीच्या क्लासला गेलो. त्या पॅकेजवर आल्डसचं नाव होतं अजून. सुरू केलं की एका माणसाचा बाजूने काढलेला चेहरा दिसायचा. आम्ही त्याला शेटजी म्हणायचो.'

म्हणजे मानुशियस नारायण पेठेत शेटजी होता!

'मग आता का नाही?'

'तेव्हा खिळे भंगारात गेले, पण पुस्तकं कपाटातच राहिली ना,' बाबा म्हणाले. 'खिळे वितळले म्हणून पुस्तक वाचता येईना असं झालं नाही. आता मी नवीन शिकेन गं. चार महिने लागतील, शिकेन. पण हे,' त्यांनी उघड्या डब्याकडे बोट दाखवलं, 'तीनशेच्या वर पुस्तकं आहेत यात. लोकांची. कुणाचं पहिलं, कुणाचं एकच. मी इथून उठलो तर ती उघडणार कोण?'

मी गप्प.

खरं तर मला हे त्यांच्या आधी कळायला हवं होतं. मास कॉमच्या पहिल्या वर्षाला मी आजीवर एक छोटी फिल्म केली होती, घरच्या कॉम्प्युटरवर, विंडोज मूव्ही मेकरमध्ये. २०१७ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर बंद केलं. मी तोवर दुसऱ्या सॉफ्टवेअरवर गेले होते, मला कुठे फरक पडतोय! पुढे आजी गेली. तेव्हा ती फिल्म शोधली तर हाताशी आली फक्त प्रोजेक्ट फाइल. ती उघडेना. आणि मेल करता यावी म्हणून केलेली एक पिटुकली कॉपी, ज्यात आजीचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा दिसतो. आवाज मात्र स्वच्छ आहे. मी तो कधीकधी ऐकते. माझ्या त्या फाइलजवळ कुणी बसून राहिलं नव्हतं.

आपण अशा लोकांना काय काय म्हणतो! हट्टी, मागासलेले, डायनोसॉर. जगभर असे डायनोसॉर आहेत. फ्रीहँड नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर होतं. २००५ मध्ये मॅक्रोमीडियासकट ते अ‍ॅडोबीकडे आलं आणि २००७ मध्ये त्याचं काम थांबलं. त्याचे चाहते असे चिडले, की 'फ्री फ्रीहँड' नावाने एकत्र येऊन २०११ मध्ये चक्क कोर्टात गेले. पुढच्या वर्षी तडजोड झाली, पण फ्रीहँड काही परत आलं नाही. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं आणि त्यात केलेले हजारो गेम आणि कार्टून्स ब्राउझरमध्ये दिसेनाशी झाली. आणि हे अगदी परवाचं. २०२६ च्या फेब्रुवारीत अ‍ॅडोबीने अ‍ॅनिमेट बंद करत असल्याचं जाहीर केलं. अ‍ॅनिमेशनवाल्यांनी असा गलका केला, की दोन-तीन दिवसांत कंपनीने माघार घेतली. नवं काही येणार नाही, पण बंदही करणार नाही, असं ठरलं.

ते वाचलं तेव्हा मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही. २००४ मध्ये नारायण पेठेतून, सोलापुरातून, अकोल्यातून कुणी गलका केला असता तर तो सिएटलपर्यंत ऐकू गेला असता का? कंपन्यांनी कायम एकच गोष्ट विकत बसावं असं माझं म्हणणं नाही. त्यांचाही धंदा आहे. पण जाताना कुलपाची किल्ली तरी ठेवून जावी ना! सुताराचा रंधा मोडला तर तो नवा घेतो. जुनं कपाट त्याच्याबरोबर बंद होत नाही. इथे हत्यार गेलं की केलेलं कामही आत अडकतं. बाबा सॉफ्टवेअरशी एकनिष्ठ नव्हतेच मुळी. ते त्या तीनशे पुस्तकांशी एकनिष्ठ होते.

रविवारी दुपारी हार्डवेअरवाला मुलगा तपकीर गल्लीतून एक जुना पॉवर सप्लाय घेऊन आला. जोडला, बटण दाबलं. पंखा घरघरला, एक्सपीचं ते ओळखीचं संगीत वाजलं आणि बाबांनी चक्क मुलाला पेढा दिला.

मग मी त्यांचं काम बघितलं. लहानपणापासून बघत आले होते, पण तेव्हा तिथे माझा गृहपाठ चालायचा. आता नीट बघितलं. माउसला हात क्वचित. कंट्रोल ई दाबलं की मजकुराची खिडकी उघडते, दुरुस्ती करायची, परत पानावर. पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत त्यांनी वापरायच्या वेली, स्वस्तिकं, रेघा पसरून ठेवलेल्या, टेबलावर चष्मा आणि सुपारी ठेवावी तशा. एका दुरुस्तीने दोन ओळी वाढल्या. चौकटीच्या तळाला लाल त्रिकोण उमटला.

'हा आला म्हणजे मजकूर उरलाय. पानात मावत नाहीये,' बाबा म्हणाले. वरच्या परिच्छेदात अक्षरांमधली जागा त्यांनी केसभर कमी केली. त्रिकोण गेला. एक्केचाळीस दुरुस्त्या पावणेदोन तासांत झाल्या.

संध्याकाळी आम्ही ठरवलं. मशीन आहे तोवर एकेक पुस्तक बाहेर काढायचं. आधी प्रत्येकाची पीडीएफ करायची, म्हणजे निदान छापता तरी येईल. मग मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये न्यायचा, म्हणजे शोधता येईल, सुधारता येईल. ऐकायला सोपं आहे. पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडला ती नंतर लागते. रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो. 'ऱ्हस्व' आणि 'तऱ्हा' यांची तर रोज नवी तऱ्हा. कन्व्हर्टर बहुतेक सगळं सांभाळतो. उरलेलं माणसाने बसून वाचायचं.

म्हणून आता महिन्यातले दोन वीकेण्ड मी पुण्यात असते. बाबा मूळ प्रत मोठ्याने वाचतात, मी स्क्रीनवर बघते. पूर्वी छापखान्यात प्रुफं अशीच वाचायचे म्हणे. बाबांची बोटं टायपरायटरच्या जुन्या कीबोर्डला सरावलेली. माझ्या लॅपटॉपवर मी तसाच लेआउट टाकून दिला, तेव्हा पहिलं वाक्य टाइप करून ते म्हणाले, 'हे आधी का नाही सांगितलंस?' मी कोर्स घेऊन दिला होता. त्यांना नेमकं काय अडतंय, हे विचारलंच नव्हतं.

आजवर अकरा पुस्तकं बाहेर आली आहेत. वाचता वाचता मला कळतंय, की आमचं घर कशावर चाललं. एका पतसंस्थेच्या अहवालावर, कोकणातल्या पाककृतींवर, एका कंडक्टरच्या कवितांवर. त्यातल्या काही कविता सॉलिड आहेत. या पुस्तकांच्या प्रती आज दुकानात मिळणार नाहीत. लेखकांपैकी तिघं गेलेत.

तुमच्याही घरात असं एखादं मशीन असेल. काकांचे ऑटोकॅडचे नकाशे, आईने मुलांसाठी केलेली पिकासातली कोलाज (पिकासाही २०१६ मध्ये बंद झालं), तुमचीच कॉलेजमधली फिल्म. या वीकेण्डला एकदा उघडून बघा. उघडलं तर साध्या, सगळीकडे चालणाऱ्या रूपात एक कॉपी काढून ठेवा. आणि त्या मशीनजवळ कुणी बसलेलं असेल तर त्याला म्युझियममध्ये पाठवण्याआधी, आत काय आहे ते विचारा.

सरांची दुसरी आवृत्ती यात्रेच्या चार दिवस आधी पोहोचली. बाबा स्वतः घेऊन गेले, मीही गेले. सरांनी पुस्तकाचा आधी वास घेतला, मग चष्मा लावून थेट शहाण्णव नंबरचं पान काढलं. बराच वेळ बघत राहिले. आम्ही दोघं विद्यार्थ्यांसारखे समोर उभे.

'अजून एक रफार राहिलाय,' सर म्हणाले.

'तिसऱ्या आवृत्तीत घेऊ सर,' बाबा म्हणाले.

८६ वर्षांचे सर खूश होऊन हसले. रात्री घरी आल्यावर बाबांनी मशीन लावलं नाही. माझा लॅपटॉप ओढला, नवी फाइल उघडली, पान शहाण्णववर गेले आणि तो रफार टाकून मोकळे झाले.